आधी सगळं होतं : पूर्व आफ्रिकेच्या समूहाची गोष्ट

मागच्या वेळी आपण युरोपात होतो. 1951 चा पॅरिसचा तह, सहा देश, कोळसा आणि पोलाद. एकमेकांशी दोन महायुद्धं लढलेल्या शेजाऱ्यांनी जवळजवळ शून्यातून एक सामायिक व्यवस्था कशी उभी केली, ते आपण पाहिलं. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी आम्हाला गाठून विचारलं, "शून्यातून उभं करणं अवघड, हे पटलं. पण सगळं आधीच उभं असेल, तर पुढचं सोपं जातं का?"

या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे, आणि ते युरोपात नाही, केनिया, युगांडा आणि टांझानियात आहे. आजचं व्याख्यान त्यावरच.

1960 साली त्या भागात काय काय सामायिक होतं, ते आधी बघू. चलन एक, पूर्व आफ्रिकी शिलिंग. रेल्वे एक, बंदरांचा कारभार एक, टपाल आणि तारखातं एक. विमान कंपनी एक, ईस्ट आफ्रिकन एअरवेज, तिची विमानं मुंबईलाही यायची. आयकर गोळा करणारं खातं एक, अपिलाचं न्यायालय एक. केनिया आणि युगांडा यांच्यात 1917 पासून जकातीची भिंत नव्हती. 1927 पर्यंत टांगानिकाही त्यात पूर्ण सामील झाला होता. तुमच्यापैकी कोणी लहानपणी पोस्टाची तिकिटं जमवली असतील, तर एकाच तिकिटावर तिन्ही देशांची नावं छापलेली तुम्हाला आठवत असतील. युरोपातल्या देशांना सामायिक चलन आणायला 1999 साल उजाडावं लागलं, आणि इथे ते जवळजवळ चाळीस वर्षं आधीच लोकांच्या खिशात होतं.

मग हे सगळं आलं कुठून? तर रुळांवरून. 1896 मध्ये ब्रिटिशांनी मोंबासाहून युगांडा रेल्वे टाकायला घेतली आणि 1901 च्या अखेरीला ती व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, आजच्या किसुमूला पोहोचली. मजूर हिंदुस्थानातून नेले, सुमारे बत्तीस हजार, बहुतेक पंजाबातले, कराचीहून बोटीत चढवलेले. आणि कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात होतं, हे विसरू नका. त्यातले जवळपास अडीच हजार तिथेच मेले. त्सावोच्या नरभक्षक सिंहांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पण सिंहांपेक्षा कितीतरी जास्त माणसं तापाने आणि आजाराने गेली, ते मात्र कोणी सांगत नाही. गेज कुठलं, तर आपलंच, मीटरगेज. चलनही 1920 पर्यंत आपला रुपया. पुढे कारकुनीत, रेल्वेत, सरकारी कचेऱ्यांत गोवेकर मंडळी मोठ्या संख्येने गेली. म्हणजे या सामायिक घराच्या पायात आपल्याकडचेही दगड आहेत.

पण हे घर कोणी कोणासाठी बांधलं, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नव्हता. ते लंडनने लंडनच्या सोयीसाठी बांधलं होतं. नैरोबी हे मुळात 1899 चं रेल्वेचं ठाणं. आजूबाजूच्या उंच, थंड जमिनीवर गोरे मळेवाले बसले, म्हणून बँका तिथे, गोदामं तिथे, कारखाने तिथे. कंपाला आणि दार-ए-सलामला माल विकायचा तो नैरोबीतून. जकात नसल्यामुळे युगांडातल्या गिऱ्हाइकाला तो माल घेण्यावाचून पर्याय नव्हता, आणि बाहेरून स्वस्त माल आणावा तर त्यावर सामायिक जकात. ब्रिटिश अमदानीत ही तक्रार फायलीत पडून राहिली. स्वातंत्र्यानंतर ती मंत्रिमंडळाच्या टेबलावर आली.

स्वातंत्र्याच्या तारखाही एका ओळीत सांगून टाकतो : टांगानिका डिसेंबर 1961, युगांडा ऑक्टोबर 1962, केनिया डिसेंबर 1963. एप्रिल 1964 मध्ये टांगानिका आणि झांझिबार मिळून टांझानिया झाला.

आता इथे ज्युलियस न्येरेरे यांच्याबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे. 1960 मध्ये या माणसाने जाहीरपणे सांगितलं, की तिन्ही देश मिळून एकच संघराज्य होणार असेल, तर आम्ही आमचं स्वातंत्र्य लांबवायला तयार आहोत. आमच्या वाचनात तरी असा दुसरा नेता आलेला नाही. त्यांचं गणित सरळ होतं. एकदा तीन झेंडे, तीन राष्ट्रगीतं, तीन संयुक्त राष्ट्रांतल्या खुर्च्या झाल्या, की मग कोण आपली खुर्ची सोडणार? आणि नेमकं तसंच झालं. जून 1963 मध्ये केन्याटा, न्येरेरे आणि ओबोटे या तिघांनी नैरोबीत जाहीरनामा काढला, की वर्ष संपायच्या आत संघराज्य करू. वर्ष संपलं, संघराज्य झालं नाही. युगांडाच्या आत बुगांडाचं जुनं राज्य होतं, त्याला आणखी मोठ्या घरात विरघळायचं नव्हतं. ओबोटेंनाही आपली सत्ता आधी पक्की करायची होती. केनिया तोवर स्वतंत्र व्हायचा होता, आणि झाल्यावर त्यांची निकड कमी झाली.

याच काळातलं एक नाव आपण घ्यायला हवं. पियो गामा पिंटो. नैरोबीत जन्मलेला गोवेकर, शिक्षणासाठी हिंदुस्थानात आला, गोवामुक्तीच्या कामात पडला, परत जाऊन केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यात उतरला, ब्रिटिशांनी वर्षानुवर्षं स्थानबद्ध केलं. 1963 मध्ये तो पूर्व आफ्रिकेच्या मध्यवर्ती विधिमंडळावर निवडून गेला. होय, तिन्ही देशांचं असं एक विधिमंडळही होतं. फेब्रुवारी 1965 मध्ये नैरोबीत त्याच्या घराच्या दारातच त्याला गोळ्या घातल्या.

संघराज्य बारगळलं, तसे सामायिक घराचे वासे एकेक करून निघू लागले. 1965 मध्ये वेगळी चलनं काढायचं ठरलं, 1966 मध्ये ती बाजारात आली. मग तिघांनाही धास्ती वाटली, की असंच चाललं तर सगळंच जाईल. त्या धास्तीतून 6 जून 1967 ला कंपाल्यात तह झाला आणि 1 डिसेंबरपासून पूर्व आफ्रिकी समूह अस्तित्वात आला. मुख्यालय टांझानियातल्या अरुशाला.

हा तह वाचताना आम्हाला नेहमी एकत्र कुटुंबातल्या वाटणीची आठवण येते. रेल्वे आणि विमान कंपनीची मुख्य कचेरी नैरोबीत राहू दे, बंदरांची दार-ए-सलामला ने, टपालखात्याची कंपाल्याला. नवी विकास बँक काढायची, तीही कंपाल्यात, आणि तिने कर्जं देताना युगांडा-टांझानियाला झुकतं माप द्यायचं. शिवाय हस्तांतर कर नावाची एक युक्ती : ज्या देशाचा शेजाऱ्यांशी कारखान्यातल्या मालाचा व्यापार तोट्यात आहे, त्याने आपल्या कोवळ्या उद्योगाला वाचवण्यासाठी शेजाऱ्याच्या मालावर काही वर्षं मर्यादित कर लावायचा. म्हणजे आत जकात नाही असं म्हणायचं, आणि छोटी जकात ठेवायची. ही चलाखी नव्हती, प्रामाणिक तडजोड होती. पण कारखाना काढणारा भांडवलवाला तह वाचून जागा ठरवत नाही. तो पाणी, वीज, बँक, रेल्वेचं स्टेशन बघतो आणि नैरोबीलाच जातो.

त्याच 1967 च्या फेब्रुवारीत न्येरेरेंनी अरुशा जाहीरनामा काढून समाजवादाचा रस्ता धरला होता. बँका, मोठे उद्योग सरकारी झाले. केनिया उलट खाजगी आणि परदेशी भांडवलाला दारं उघडत होता. गमत बघा, समाजवादाचा जाहीरनामा आणि सामायिक बाजारपेठेचं मुख्यालय, दोन्ही एकाच गावात!

मग 25 जानेवारी 1971. ओबोटे राष्ट्रकुलाच्या परिषदेसाठी सिंगापूरला गेलेले असताना इदी अमीनने सत्ता घेतली. ओबोटेंना न्येरेरेंनी दार-ए-सलाममध्ये आसरा दिला आणि अमीनबरोबर एका टेबलाशी बसायला साफ नकार दिला. आता अडचण अशी, की समूहाची सर्वोच्च सत्ता म्हणजे तीन राष्ट्राध्यक्षांची बैठक. निर्णय एकमताने. ती बैठक पुन्हा कधीही झाली नाही. साडेसहा वर्षं हा समूह आपल्या सर्वोच्च बैठकीशिवाय चालला, कागद हातोहात राजधान्यांत फिरवून सह्या घेत. हे ऐकताना कोणाला आपल्या सार्कची आठवण झाली असेल, तर ती चुकीची नाही. तिथेही निर्णय एकमताचे, आणि शिखर परिषद 2014 च्या काठमांडूनंतर भरलेली नाही.

बहुतेक पुस्तकं इथेच थांबतात. अमीन आला, समाजवाद आणि भांडवलशाहीचं पटलं नाही, समूह मोडला. आम्हाला हे अर्धंच वाटतं. बैठक बंद असूनही रेल्वे धावत होती, पत्रं पोहोचत होती, विमानं उडत होती. न्येरेरे नैतिकदृष्ट्या बरोबर होते असं आम्ही मानतो. 1972 मध्ये नव्वद दिवसांची मुदत देऊन हजारो आशियाई कुटुंबांना घालवणाऱ्या माणसाशी हस्तांदोलन करणं सोपं नव्हतं. समूहाचा जीव मात्र गेला तो दुसरीकडे, हिशेबात.

रेल्वेचंच घ्या. भाडं तिन्ही देशांत गोळा व्हायचं आणि नैरोबीच्या मुख्य कचेरीत जमा व्हायचं. एकाने पैसे पाठवायला उशीर केला, की दुसऱ्याने अडवले, तिसऱ्याने आपल्या हद्दीत आलेली वाघिणी परत पाठवली नाही. परस्परांच्या चलनांवर नियंत्रणं आल्याने पैसे पाठवायचे म्हटले तरी परवानगी लागू लागली. केनियाची तक्रार : तोट्यातल्या मार्गांचा भार आम्ही का सोसायचा? टांझानियाची तक्रार : तुमचे अवजड ट्रक झांबियाकडे जाताना आमचे रस्ते उखडतात, आणि सामायिक रेल्वेचं उत्पन्न बुडवतात. दोघांचंही खरं होतं! ते मिटवायला जे तिघं एकत्र बसायला हवे होते, ते बसत नव्हते. चीनच्या मदतीने टांझानियाने झांबियाकडे नवी रेल्वे टाकली, ती वेगळ्या गेजची. म्हणजे दार-ए-सलामला येऊनही तिचे डबे जुन्या मीटरगेजवर चालणार नव्हते.

विद्यापीठही असंच गेलं. माकेरेरे, नैरोबी आणि दार-ए-सलाम मिळून 1963 मध्ये एक विद्यापीठ झालं होतं, 1970 मध्ये त्याची तीन झाली. त्यावर फारसं कोणी बोललं नाही.

शेवट विमान कंपनीने केला. पैसे थकले, 1977 च्या सुरुवातीला ईस्ट आफ्रिकन एअरवेजची उड्डाणं थांबली, आणि केनियाने लगेच आपली वेगळी कंपनी काढली. फेब्रुवारीत टांझानियाने केनियाची सीमा बंद केली, समूहाच्या मालकीची जी वाहनं हाती लागली ती ठेवून घेतली. 30 जूनला आर्थिक वर्ष संपलं. पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक मंजूर झालं नाही. 1 जुलैला समूह संपलेला होता. बरखास्तीचा ठराव नाही, सही नाही. पैसे नाहीत म्हणून कचेरी बंद.

ती सीमा 1983 च्या नोव्हेंबरपर्यंत बंद राहिली. अलीकडच्या मासाई गुराख्याचे नातेवाईक पलीकडे, अरुशाचा व्यापारी नैरोबीच्या भरवशावर, आणि मध्ये सहा वर्षं फाटक. वाटणी करायला जागतिक बँकेच्या पुढाकाराने व्हिक्टर उम्ब्रिख्ट नावाचे स्विस मुत्सद्दी आले. इंजिनं, गोद्या, इमारती, कर्जं, एकेक मोजून त्यांनी वाटणीपत्र तयार केलं. ज्याच्या ताब्यात हिश्श्याहून जास्त आलं, त्याने भरपाई द्यायची. 14 मे 1984 ला सह्या झाल्या. म्हणजे समूह जगला दहा वर्षं आणि त्याच्या वाटणीला लागली सात.

त्या वाटणीत पेन्शनचाही हिशेब होता, तो मात्र कागदावर राहिला. समूहाच्या रेल्वेत, बंदरात, टपालखात्यात आयुष्य घालवलेली टांझानियातली म्हातारी माणसं 2000 सालानंतरही दार-ए-सलामच्या रस्त्यांवर निदर्शनं करत होती, कोर्टाच्या पायऱ्या चढत होती. त्यांनी ज्या मालकाकडे नोकरी केली, तो मालक आता कुठल्याच नकाशावर नव्हता.

30 नोव्हेंबर 1999 ला याच तीन देशांनी अरुशातच नवा तह केला. त्याच्या प्रस्तावनेत जुना समूह का मोडला याची कारणं लिहून ठेवली आहेत : राजकीय इच्छेचा अभाव, सामान्य लोकांचा आणि खाजगी क्षेत्राचा तुटपुंजा सहभाग, फायद्यांची असमान वाटणी. आपल्या अपयशाची कबुली तहाच्या पहिल्याच पानांवर देणारे देश थोडे. 2005 मध्ये जकात संघ आला, 2010 मध्ये सामायिक बाजारपेठ. आज त्यात आठ देश आहेत; काँगो 2022 मध्ये आला, सोमालिया 2024 मध्ये.

आणि रेल्वे? केनियाने चिनी कर्जावर मोंबासा ते नैरोबी नवी रुंद रेल्वे 2017 मध्ये सुरू केली. तीच युगांडाकडे न्यायची होती, पण 2019 मध्ये ती नैरोबीच्या पुढे नैवाशाजवळ थांबली. टांझानियाने दार-ए-सलामहून आपली वेगळी, विजेवरची रेल्वे टाकायला घेतली, 2024 मध्ये तिची गाडी दोदोमापर्यंत धावू लागली. युगांडाचं तेल समुद्राकडे नेणारी वाहिनी केनियातून न्यायची की टांझानियातून, यावर चर्चा झाल्या आणि 2016 मध्ये युगांडाने टांझानियातलं टांगा बंदर निवडलं.

प्रश्नोत्तरांना वेळ ठेवलाय. ज्यांनी मागच्या वेळी तो प्रश्न विचारला होता, ते आले असतील तर पहिला प्रश्न त्यांचाच.