मादी श्वानांची दुर्बिणीद्वारे नसबंदी

मादी श्वानांची दुर्बिणीद्वारे नसबंदी (लॅप्रोस्कोपिक नसबंदी) ही कुत्रीच्या पोटावर मोठा छेद न घेता, दोन किंवा तीन लहान छिद्रांतून अंडाशय काढून टाकण्याची पशुवैद्यकीय शस्त्रक्रिया आहे. पारंपरिक शस्त्रक्रियेच्या तुलनेत तिच्यात वेदना कमी होतात व जखम लवकर भरते. मात्र तिला महागडी उपकरणे आणि विशेष प्रशिक्षण लागते.

उद्देश
कुत्री साधारणतः सहा ते बारा महिन्यांच्या वयात प्रथम माजावर येते व पुढे बहुधा वर्षातून दोनदा माजावर येते. तिचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. अंडाशय काढल्यावर माज व गर्भधारणा कायमची थांबते. गर्भाशयात पू साठणे (पायोमेट्रा) हा उतारवयातील कुत्र्यांना होणारा जीवघेणा आजारही त्यामुळे टळतो.

कार्यपद्धती
कुत्रीला उपाशी ठेवून पूर्ण भूल देतात. बेंबीजवळ छिद्र पाडून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात, त्यामुळे अवयवांभोवती मोकळी जागा तयार होते. दुर्बिणीतून दिसणारे दृश्य पडद्यावर पाहत शल्यचिकित्सक अंडाशय पकडतो, त्याच्या रक्तवाहिन्या विद्युत उष्णतेने बंद करतो व अंडाशय कापून छिद्रावाटे बाहेर काढतो. दुसऱ्या बाजूचे अंडाशय दिसावे म्हणून कुत्रीला कुशीवर कलते करतात. निरोगी गर्भाशय सहसा तसेच ठेवले जाते. अंडाशयाची संप्रेरके थांबल्याने ते आक्रसते.

अन्य पद्धतींशी तुलना
पारंपरिक शस्त्रक्रियेत पोटाच्या मध्यरेषेवर किंवा कुशीवर छेद घेतात. अंडाशय जखमेपर्यंत आणण्यासाठी त्याचा बंध ताणावा लागतो. शस्त्रक्रियेतील वेदनेचे हे एक प्रमुख कारण असते. दुर्बिणीच्या पद्धतीत अंडाशय पोटातच जागच्या जागी सुटे केले जात असल्याने हा ताण पुष्कळ कमी होतो.

लहान छेदाची प्रत्येक शस्त्रक्रिया दुर्बिणीची नसते. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदी मोहिमांत अनुभवी पशुवैद्यक कुशीवरील लहान छेदातून अंडाशय व गर्भाशय बाहेर काढतात. ती खुली शस्त्रक्रियाच होय.

मर्यादा
पोटातील वायूच्या दाबाचा श्वसनावर परिणाम होत असल्याने भूल देताना सतत देखरेख आवश्यक असते. रक्तस्राव आटोक्यात न आल्यास ऐनवेळी मोठा छेद घ्यावा लागतो. गर्भाशयात पू झालेला असल्यास केवळ अंडाशय काढून भागत नाही. वजन वाढणे व काही कुत्र्यांत मूत्रावरील ताबा सुटणे हे दुष्परिणाम नसबंदीचे आहेत. पद्धत बदलल्याने ते टळत नाहीत.

महाराष्ट्रातील स्थिती
भटक्या कुत्र्यांचा प्रश्न महाराष्ट्रात जुना आहे. १८३२ साली मुंबईत कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध दंगल उसळली. तिच्यात पारशी समाज अग्रभागी होता. पुढे १९९० च्या दशकात मुंबईत मारण्याऐवजी नसबंदीचे धोरण स्वीकारले गेले. देशपातळीवर प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये २००१ साली श्वान जन्मनियंत्रण नियम झाले. त्यांची जागा २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी घेतली. त्यांनुसार हा कार्यक्रम राबविण्याची जबाबदारी महानगरपालिका, नगरपालिका व पंचायती अशा स्थानिक संस्थांवर आहे. २०१९ च्या पशुगणनेत राज्यात सुमारे १२.७६ लाख भटकी कुत्री नोंदली गेली.

दुर्बिणीची सोय मुख्यतः मोठ्या शहरांतील सुसज्ज रुग्णालयांत आढळते व तिचा लाभ बहुधा पाळीव कुत्र्यांना मिळतो. ग्रामीण भागातील गरज वेगळी आहे. धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील माकणी या निम्न तेरणा धरणाजवळच्या गावासारख्या ठिकाणी पुष्कळ कुत्री घरची भाकर खातात, पण राहतात गल्लीत व शेतात. शस्त्रक्रियेनंतर त्यांना कोरड्या जागी बांधून ठेवणारे व टाक्यांवर लक्ष ठेवणारे कोणी असेलच असे नाही. म्हणून लहान जखमेचे महत्त्व शहरातील पाळीव कुत्रीपेक्षा गावातील कुत्रीला अधिक असते. साधने मात्र शहरात असतात. अशा ठिकाणी प्रशिक्षित हातांनी घेतलेला लहान छेद, विरघळणारे टाके, वेदनाशामक औषध आणि शस्त्रक्रियेनंतर काही दिवस निगराणीत ठेवण्याची व्यवस्था हा व्यवहार्य मार्ग ठरतो. मराठवाड्यात परभणी व उदगीर येथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत.

रेबीज व नसबंदी
नसबंदीने संख्या आटोक्यात येते. रेबीजपासून संरक्षण लसीमुळेच मिळते. त्यामुळे जन्मनियंत्रण कार्यक्रमात शस्त्रक्रियेसोबत रेबीजची लस देतात आणि ओळख पटावी म्हणून कानाला खूण करतात. नसबंदी झालेल्या कुत्रीने चावा घेतल्यासही जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्वरित वैद्यकीय उपचार घेणे आवश्यक असते.

हे सुद्धा पहा
रेबीज
पशुवैद्यकशास्त्र
माकणी