पेल्यावर पोसलेलें संगीत

मद्यगृहांतील गाणें ऐकणाऱ्यास फुकट वाटतें. वस्तुतः वादकांची बिदागी पेल्याच्या किंमतींतूनच वसूल होते. हा व्यवहार जुना आहे. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत १९३५ सालीं लिऑन ॲबी यांचा अमेरिकन जॅझ-वाद्यमेळ आला; पुढें अशा हॉटेलांनीं अनेक गोमंतकीय वादक पोसले. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि हॉटेलांचें हें उत्पन्न आटलें. चिक चॉकलेट यांच्यासारख्यांना चित्रपटसृष्टीचा आधार होता. 'अलबेला' (१९५१) मध्यें त्यांचा ट्रंपेट वाजला.

पुढें २००१ सालीं शासनानेंच द्राक्षमद्यास सवलती दिल्या, आणि २००८ मध्यें नाशकास गंगापूर रोडच्या अंगास सुलाच्या मळ्यांत संगीतमहोत्सव भरला. परंतु धोरण फिरलें कीं पेल्यावर पोसलेली कला उघडी पडते. गाण्यासाठींच पैसे मोजणारा श्रोता हाच तिचा खरा आश्रयदाता होय.