हिऱ्यांची खाण आणि सल्लागाराची खुर्ची : बोत्स्वानाचा धडा



व्याख्यानमालेचे निमंत्रण देताना चिटणीसांनी मला सांगितले, "विषय तुमच्या आवडीचा घ्या." त्यांच्या मनात बहुधा मधुमेह किंवा सांधेदुखी असावी. पस्तीस वर्षे साबुदाण्याच्या गोळ्या देणाऱ्या माणसाने आफ्रिकेतील खाणींवर बोलावे, हे मलाही थोडे विचित्र वाटते. पण विषय माझ्याकडे दवाखान्यातूनच आला.

मागच्या वर्षी झोप न येण्याची तक्रार घेऊन एक गृहस्थ आले. सुरतेला वीस वर्षे हिरे घासलेले रत्नकलाकार. काम कमी झाले म्हणून बडोद्याला भावाकडे येऊन राहिले होते. "साहेब, घंटी बंद पडली आणि झोपही गेली," म्हणाले. होमिओपॅथीत आधी रोग्याचे सगळे ऐकून घ्यायचे असते, म्हणून मी विचारत गेलो. कच्चा हिरा कुठून यायचा? "मुंबईहून." मुंबईला? "अँटवर्पहून." आणि त्याआधी? ते गप्प झाले. मीही गप्प झालो. आम्ही जैन. पालनपुरी मंडळींच्या लग्नाकार्यांत अँटवर्पचे नाव मी लहानपणापासून ऐकत आलो, पण तो दगड मुळात कोणाच्या जमिनीतून निघतो, हे कधी विचारले नव्हते. त्या प्रश्नामागे वाचत गेलो आणि बोत्स्वाना या देशाशी येऊन थांबलो.

दक्षिण आफ्रिकेच्या उत्तरेला, बराचसा कलहारी वाळवंटाने व्यापलेला हा देश. १८८५पासून तो ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होता, पण इंग्रजांना त्यात इतका कमी रस होता की त्याचा कारभार देशाबाहेरच्या, दक्षिण आफ्रिकेतल्या मॅफेकिंग गावातून चाले. ३० सप्टेंबर १९६६ रोजी स्वातंत्र्य मिळाले तेव्हा साऱ्या देशात १२ किलोमीटर डांबरी रस्ता आणि २२ विद्यापीठ पदवीधर होते. गुरे हीच संपत्ती, आणि तीही नुकत्याच पडलेल्या दुष्काळाने अर्धमेली झालेली. पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा हे बामांग्वाटो जमातीच्या गादीचे वारस. रूथ विल्यम्स या इंग्रज मुलीशी १९४८ साली लग्न केले म्हणून ब्रिटिशांनी त्यांना काही वर्षे मायदेशी येऊ दिले नव्हते.

१९६७ साली ओरापा येथे हिऱ्यांची मोठी खाण सापडली. शोध लावला डी बिअर्स कंपनीच्या भूगर्भशास्त्रज्ञांनी. ही जागा खामांच्या स्वतःच्या जमातीच्या प्रदेशात. पण त्याच वर्षी कायदा होऊन जमिनीखालील खनिजांवरचा हक्क जमातींकडून राष्ट्राकडे आला. ज्या माणसाच्या घराण्याला त्या हिऱ्यांवर हक्क सांगता आला असता, त्यानेच तो हक्क सोडला. पुढचे सगळे या एका निर्णयावर उभे आहे, कारण खनिज कोणाचे हे ठरले नसेल, तर सौदा कोणी करायचा हेही ठरत नाही.

आता सौद्याकडे येऊ. खाणीचा करार म्हणजे भाजीचा भाव नव्हे. सरकारला काय मिळणार हे किमान चार ठिकाणी ठरते: काढलेल्या मालावरचे स्वामित्वशुल्क, नफ्यावरचा कर, भागभांडवलातला वाटा, आणि मालाची किंमत लावण्याची पद्धत. यातली चौथी जागा सर्वांत निसरडी. लोखंडाच्या किंवा तांब्याच्या टनाला बाजारात भाव असतो. कच्च्या हिऱ्याला एक भाव नसतो; आकार, रंग, शुद्धता, वजन यांप्रमाणे त्याच्या हजारो प्रती पडतात. खाण चालवणारी कंपनी आपल्याच दुसऱ्या कंपनीला माल विकत असेल आणि किंमतही तीच लावत असेल, तर कागदावर नफा कुठे दाखवायचा हे तिच्या हातात राहते. समोर बसलेल्या सरकारला हिरा ओळखता येत नसेल, तर करारात पन्नास टक्के लिहून घेतले काय आणि पाच टक्के लिहून घेतले काय!

बोत्स्वानाच्या राज्यकर्त्यांना हे लवकर उमगले. १९६९ साली खाणकंपनी स्थापन झाली तेव्हा सरकारचा वाटा होता १५ टक्के. ओरापाची खाण १९७१ साली सुरू झाली आणि अंदाजापेक्षा कितीतरी किफायतशीर ठरली. तेव्हा सरकारने करार पुन्हा चर्चेला आणला. चर्चेची सूत्रे होती उपाध्यक्ष आणि अर्थमंत्री क्वेट मासिरे यांच्याकडे. हे मूळचे शिक्षक, शेतकरी आणि पत्रकार. अर्थशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी परदेशी अर्थतज्ज्ञ आणि वकील बरोबर घेतले. कंपनीला शेजारच्या लेटल्हाकाने येथे नवी खाण काढायची होती, त्यामुळे सरकारच्या हातातही पत्ते होते. १९७५ साली वाटा ५० टक्क्यांवर आला. कर आणि स्वामित्वशुल्क धरून खाणीच्या नफ्यातला तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग सरकारकडे येऊ लागला. १९८२ साली ज्वानेंग सुरू झाली. मूल्याच्या हिशेबाने ती जगातल्या सर्वांत श्रीमंत हिरेखाणींपैकी एक मानली जाते. ती कंपनी आज 'डेब्स्वाना' या नावाने ओळखली जाते.

"म्हणजे गोऱ्या सल्लागारांनी काळ्या देशाचे भले केले," असे कोणी म्हणेल. मला हा निष्कर्ष मान्य नाही. सल्लागार तर झांबियाकडेही होते.

झांबिया हा बोत्स्वानाचा उत्तरेचा शेजारी. १९६४ साली स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्याकडे तांब्याच्या मोठ्या, चालू खाणी होत्या. सुरुवात बोत्स्वानापेक्षा कितीतरी वरची. १९६९ साली राष्ट्राध्यक्ष केनेथ काउंडा यांनी खाणकंपन्यांतला ५१ टक्के वाटा सरकारकडे घेण्याची घोषणा केली. टाळ्या पडल्या. पण खाणी चालवण्याची आणि माल विकण्याची कंत्राटे सुरुवातीची काही वर्षे जुन्याच कंपन्यांकडे राहिली. वाटा आला, विद्या आली नाही. १९७५च्या सुमारास तांब्याचे भाव कोसळले आणि देश कर्जात बुडत गेला. अखेर धनको संस्थांच्या दबावाखाली १९९७ ते २००० या काळात खाणी विकल्या गेल्या. त्या वेळी झालेले करार गुप्त ठेवण्यात आले होते. पुढे ते बाहेर आले तेव्हा दिसले, की अनेक खाणींवरचे स्वामित्वशुल्क अवघे ०.६ टक्के होते आणि करांच्या अटी पंधरा-वीस वर्षे न बदलण्याचे वचन देऊन सरकारने स्वतःचे हात बांधून घेतले होते. लगेचच पुढच्या दशकात तांब्याचे भाव भडकले. २००८ साली सरकारने ते करार कायद्याने रद्द केले आणि वाढीव नफ्यावर कर लावला. तो २००९ साली मागेही घेतला.

दोन्ही देशांत तज्ज्ञ होते. फरक कुठे पडला? माझ्या मते दोन प्रश्नांत. तज्ज्ञ कोणाला उत्तरदायी होता? आणि तो गेल्यावर त्याच्या खुर्चीत कोण बसले?

बोत्स्वानात तज्ज्ञ मंत्र्याच्या हाताखाली बसत. निर्णय मासिरे घेत, आकडेमोड तज्ज्ञ करत. त्यातले कित्येक पंधरा दिवसांचे पाहुणे नव्हते. त्यांनी वर्षानुवर्षे तिथल्या सरकारी कचेरीत काम केले. कारभाराचे भारतीयीकरण व्हावे ही मागणी आपल्याकडे इंग्रजी अमदानीत झाली, तशीच ती तिथेही झाली. पण खामांनी घाई केली नाही. लायक स्थानिक माणूस तयार होईपर्यंत परका माणूस ठेवायचा, आणि दरम्यान स्थानिकाला शिकायला पाठवायचे, हे धोरण त्यांनी टीका सोसून चालवले. याचा पुरावा मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरांच्या यादीत सापडतो. १९७५ साली बँक ऑफ बोत्स्वाना निघाली तेव्हा पहिले गव्हर्नर होते क्विल हर्मन्स. १९८० साली त्या खुर्चीत थोडा काळ फेस्टस मोगाए बसले. ऑक्सफर्डला शिकून आलेला हा तिथलाच मुलगा पुढे १९९८ साली देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. १९९९ साली लिना मोहोह्लो ही तिथलीच कन्या गव्हर्नर झाली.

दुसरी गोष्ट पैशाच्या शिस्तीची. राष्ट्रीय विकास योजनेत नसलेल्या प्रकल्पावर पैसा खर्च करायचा नाही, असा दंडक होता. खनिज एकदाच निघते, म्हणून त्याचे उत्पन्न रोजच्या खर्चात न उडवता रस्ते, शाळा, दवाखाने यांत घालावे, हे सूत्र अंदाजपत्रकाला लावले गेले. उरलेल्या पैशासाठी १९९४ साली 'पुला फंड' स्थापन झाला. पुला हे तिथल्या चलनाचे नाव, अर्थ पाऊस. कोरड्या देशात पाऊस हाच आशीर्वाद.

हे ऐकताना मला आपलेच बडोदे आठवले. सयाजीराव महाराजांनी निवृत्त भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांच्याकडून संस्थानच्या जमिनीची पाहणी करून घेतली होती. १९१० साली त्यांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला आणले. बोर्डन तीन वर्षे राहिले. त्यांनी ग्रंथालय खाते उभे केले, इथल्या लोकांसाठी ग्रंथपालनाचा वर्ग काढला आणि १९१३ साली परत गेले. ग्रंथालये मात्र गेली नाहीत. मोतीभाई अमीन यांच्यासारख्यांनी ती गावोगाव नेली. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा त्या ग्रंथालयांत वाचायला शिकले. चांगल्या तज्ज्ञाची कसोटी मला याहून सोपी सांगता येत नाही: तो गेल्यावर काम बंद पडते की चालू राहते?

आज आफ्रिकेत या धड्याला संस्थांचे रूप आले आहे. २००९ साली आफ्रिकी संघाने 'आफ्रिकन मायनिंग व्हिजन' हे धोरण स्वीकारले. खनिज नुसते खणून जहाजात भरू नये, त्यावर देशात उद्योग उभे राहावेत, हा त्याचा गाभा. आफ्रिकन डेव्हलपमेंट बँकेच्या पुढाकाराने निघालेली आफ्रिकन लीगल सपोर्ट फॅसिलिटी ही संस्था मोठ्या करारांच्या वेळी सरकारांना वकील मिळवून देते आणि तिथल्या वकिलांना प्रशिक्षणही देते. टेबलाच्या एका बाजूला वीस वकील आणि दुसऱ्या बाजूला एक कारकून, हे चित्र बदलावे हा हेतू. पण नुसता वकील पाठवून भागत नाही. चार आठवडे येऊन जाडजूड अहवाल लिहून जाणारा तज्ज्ञ म्हणजे तपासणी न करता चिठ्ठी लिहून देणारा डॉक्टर. रोग्याचा ताप तात्पुरता उतरतो, घरच्यांना मात्र काही कळलेले नसते.

बोत्स्वानाची आरती ओवाळून मी थांबलो, तर ते खोटे होईल. कलहारीतल्या सान लोकांना त्यांच्या पिढीजात भूमीतून हलवण्यात आले. २००६ साली तिथल्या उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. विषमता आणि बेकारी आजही मोठी आहे. एड्सने हा देश पोखरला होता, तेव्हा २००२पासून सरकारने रोग्यांना मोफत औषधे दिली आणि हिऱ्यांच्या पैशाने माणसे जगवली. पण त्याच देशाला ऑगस्ट २०२५मध्ये औषधांच्या टंचाईमुळे सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर करावी लागली. प्रयोगशाळेत बनवलेल्या हिऱ्यांनी बाजार खाल्ला, मागणी घटली, तिजोरी आटली. २०२४च्या निवडणुकीत स्वातंत्र्यापासून सत्तेवर असलेला पक्ष पडला. सौदा उत्तम केला, पैसा बव्हंशी नीट वापरला, पण हिऱ्याशिवाय दुसरा धंदा पुरेसा उभा राहिला नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये डी बिअर्सशी नवा करार झाला. सरकारने स्वतः विकायच्या कच्च्या मालाचा हिस्सा त्यात पहिली पाच वर्षे ३० टक्के, पुढची पाच वर्षे ४० टक्के, आणि कराराला मुदतवाढ मिळाली तर ५० टक्के असणार आहे. तो माल घ्यायला गिऱ्हाईक किती असेल, हे कोणत्याही करारात लिहिता येत नाही.

माझ्या त्या रोग्याची झोप आणि गॅबोरोनच्या दवाखान्यातले रिकामे कपाट यांचे कारण एकच आहे, हे मला वाचून कळले. जगातले बहुतेक हिरे सुरतेत पैलू पाडून घेतात. त्यामुळे ही गोष्ट परक्यांची नाही. पुढच्या खेपेला ते आले तेव्हा मी त्यांना नकाशावर ज्वानेंग दाखवले. बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "तिथली पोरे आता काय काम करत असतील, साहेब?"

या प्रश्नाचे उत्तर पन्नास वर्षांपूर्वी मासिरे यांनी शोधायला घेतले होते. ते अजून पुरते सापडलेले नाही. जमिनीतले धन असेतोवर ते शोधायला सवड असते, आणि ते शोधणारी माणसे आपल्याच घरात तयार व्हावी लागतात. बोत्स्वानाने दुसरी गोष्ट साधली. पहिलीसाठी त्याच्या हातात आता वेळ थोडा आहे.