विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन अधिछात्रवृत्ती

उन्हाळी संशोधन अधिछात्रवृत्ती ही विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना व अध्यापकांना सुमारे दोन महिने शास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली संशोधनाची संधी देणारी भारतातील योजना आहे. बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी (संस्थापक चंद्रशेखर वेंकट रामन, १९३४), नवी दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी या संस्था ती संयुक्तपणे चालवितात.

नाव उन्हाळी असले, तरी अर्ज साधारणतः आदल्या वर्षाच्या अखेरीस मागविले जातात. वार्षिक परीक्षेनंतर चौकशी करणाऱ्याची संधी हुकलेली असते. गुणांच्या तपशिलासोबत कोणत्या विषयावर व का काम करावयाचे आहे, याचे संक्षिप्त टिपण द्यावे लागते. मोघम टिपणावरून अर्जदाराचा कल कळत नाही. अध्यापकाचे शिफारसपत्रही आवश्यक असते. मोठ्या वर्गातील अबोल विद्यार्थ्याची खरी अडचण येथेच होते, कारण त्याला नावाने ओळखणारा अध्यापक क्वचितच असतो. सुसज्ज प्रयोगशाळा नसलेल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना या योजनेची गरज सर्वाधिक असते.

निवड झालेल्यांना विद्यावेतन व प्रवासखर्च मिळतो; शेवटी कामाचा अहवाल सादर करावयाचा असतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा अभ्यागत विद्यार्थ्यांसाठीचा उन्हाळी कार्यक्रम याहून स्वतंत्र असून त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.