धूसर फोटो खरंच स्पष्ट होतो का? नाइट मोड, क्यूआर कोड, एमआरआय आणि एआय एन्हान्स कसं काम करतं

अंधारात काढलेला फोटो आपला फोन दोन-तीन सेकंदांत उजळ करून देतो. कोपरा फाटलेला क्यूआर कोड बिनधास्त स्कॅन होतो. मग साहजिकच प्रश्न पडतो, की सीसीटीव्हीतला पुसट चेहरा किंवा गाडीचा न दिसणारा नंबर एखादं ॲप स्पष्ट का करू शकणार नाही? हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि "एका क्लिकमध्ये कोणताही फोटो एचडी करा" अशा जाहिराती पाहून गोंधळ आणखी वाढतो.

थोडक्यात उत्तर असं: माहिती कुठेतरी नोंदली गेली असेल, तर ती गणिताने परत काढता येते. नोंदलीच गेली नसेल, तर सॉफ्टवेअर फक्त अंदाज भरतं. अडचण ही आहे की स्क्रीनवर दोन्ही फोटो सारखेच छान दिसतात. म्हणून या लेखात मी प्रत्येक तंत्राला एकच प्रश्न विचारणार आहे: भरलेली माहिती आली कुठून?

आधी समजून घेऊ: नॉइज आणि अपुरा डेटा

प्रकाश सेन्सरवर फोटॉन नावाच्या सुट्या कणांच्या रूपात पडतो, पावसाच्या थेंबांसारखा. अंगणात एकसारख्या दोन वाट्या ठेवल्या तरी दोन्हींत मोजून तेवढेच थेंब पडत नाहीत. पिक्सेलचंही तसंच. एखाद्या पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन पडत असतील, तर आकडा साधारण १० ने वर-खाली होतो, म्हणजे १० टक्के फरक. १०,००० फोटॉन पडत असतील, तर तो साधारण १०० ने हलतो, म्हणजे फक्त १ टक्का. उन्हातला फोटो गुळगुळीत आणि रात्रीचा फोटो दाणेदार दिसतो तो मुख्यतः यामुळे. या वर-खाली होण्याला नॉइज म्हणतात.

अपुरा डेटा ही दुसरी गोष्ट, आणि ती तर तुमच्या प्रत्येक फोटोत असते. बहुतेक फोनच्या सेन्सरमध्ये एक पिक्सेल एकच रंग मोजतो: लाल, हिरवा किंवा निळा. निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल, पाव निळे. कोडॅक कंपनीच्या ब्राइस बायर यांना या रचनेचं पेटंट १९७६ मध्ये मिळालं. आता हिशोब करा. १२ मेगापिक्सेल फोटोला प्रत्येक पिक्सेलचे तीन रंग, म्हणजे ३ कोटी ६० लाख आकडे लागतात. सेन्सर मोजतो फक्त १ कोटी २० लाख. उरलेले दोन तृतीयांश फोन शेजारच्या पिक्सेलवरून काढतो.

हे चालतं, कारण शेजारचे पिक्सेल सहसा मिळतेजुळते असतात. पण बारीक चौकड्यांचा शर्ट किंवा जाळीची खिडकी असेल, तर हा समज चुकतो आणि फोटोत नसलेल्या रंगीत लाटा उमटतात.

नाइट मोड: एकच गोष्ट अनेकदा मोजणं

नाइट मोडमध्ये फोन एक फोटो काढत नाही, लागोपाठ अनेक फ्रेम घेतो आणि त्यांची सरासरी काढतो. खरं दृश्य प्रत्येक फ्रेममध्ये तेच असतं. नॉइज मात्र दर वेळी वेगळा असतो, म्हणून सरासरीत तो एकमेकांना मारतो. नियम वर्गमुळाचा आहे: ९ फ्रेम घेतल्या तर नॉइज एक तृतीयांश, १६ घेतल्या तर एक चतुर्थांश. गूगलने २०१८ मध्ये पिक्सेल फोनवर आणलेलं नाइट साइट याच पद्धतीने १५ पर्यंत फ्रेम जोडायचं.

हात थोडा हलला तरी फोन फ्रेम एकमेकींवर नीट बसवून घेतो. चालणारा माणूस मात्र प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतो. तिथे फोन न जुळणारे भाग सोडून देतो, म्हणून मागची भिंत स्वच्छ आणि चालणारा मित्र दाणेदार असं होतं.

आणि हो, सरासरीने फक्त दर वेळी बदलणारा नॉइज जातो. लेन्सवरचा बोटाचा ठसा सगळ्या फ्रेममध्ये तसाच असतो, तो १०० फ्रेम घेऊनही जाणार नाही. आधी लेन्स पुसा!

माहिती कुठून आली? खऱ्या मोजमापांतून. म्हणून साध्या नाइट मोडवर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो.

क्यूआर कोड: जास्तीची माहिती आधीच पेरून ठेवणं

क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने आणला. तो फाटला तरी वाचता येतो ते १९६० मध्ये अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी मांडलेल्या गणितामुळे.

कल्पना सोपी आहे. सरळ रेषा ठरवायला दोन बिंदू पुरतात. मी तुम्हाला एकाच रेषेवरचे पाच बिंदू पाठवले आणि वाटेत एक सरकला, तर उरलेले चार एका रेषेत दिसतील आणि चुकलेला लगेच सापडेल. क्यूआर कोडमध्ये रेषेऐवजी जास्त गुंतागुंतीची समीकरणं असतात, पण युक्ती हीच. कोडच्या चार पातळ्या आहेत. त्यांत साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के भाग खराब झाला तरी मूळ मजकूर अचूक परत मिळतो. दुकानातल्या क्यूआरच्या मधोमध लोगो बसवता येतो तो याच सवलतीमुळे. मात्र कोपऱ्यातले तीन मोठे चौकोन झाकू नका. कोड कुठे आहे हे स्कॅनर त्यांच्यावरूनच ओळखतो.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे नुकसान मर्यादेबाहेर गेलं की कोड सहसा स्कॅनच होत नाही. तो उगाच काहीतरी वाचून दाखवत नाही.

एक सावधगिरी: हे गणित फक्त खराबी दुरुस्त करतं, मालक तपासत नाही. कुणी दुकानाच्या कोडवर स्वतःचा कोड चिकटवला तर तोही व्यवस्थित स्कॅन होईल. यूपीआय पिन टाकण्याआधी नाव वाचा.

एमआरआय: कमी मोजूनही पूर्ण चित्र

१२ मेगापिक्सेल फोटोचे सगळे आकडे जसेच्या तसे साठवले तर सुमारे ३६ एमबी होतात. जेपेग फाइल मात्र साधारण ३ ते ५ एमबीची असते, आणि डोळ्यांना फरक कळत नाही. म्हणजे योग्य भाषेत लिहिलं तर चित्रातले बहुतेक आकडे जवळजवळ शून्य असतात. मग जे टाकूनच द्यायचं, ते मोजायचंच कशाला?

या प्रश्नाचं भक्कम गणिती उत्तर २००६ च्या सुमारास मिळालं. एमान्युएल कँडेस, जस्टिन रॉम्बर्ग व टेरेन्स टाओ यांनी आणि स्वतंत्रपणे डेव्हिड डोनोहो यांनी ते मांडलं. तंत्राचं नाव कम्प्रेस्ड सेन्सिंग. पद्धत अशी: थोडीच मोजमापं घ्यायची, पण ती विखुरलेली हवीत. मग त्या मोजमापांशी जुळणाऱ्या असंख्य चित्रांपैकी सगळ्यात साधं, म्हणजे कमीत कमी आकड्यांत लिहिता येणारं चित्र निवडायचं. कँडेस यांच्या गटाने ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं एक चाचणी-चित्र घेतलं. गरजेच्या मोजमापांपैकी सुमारे ४ टक्केच वापरून ते तंतोतंत परत मिळालं. ते चित्र मुद्दाम काढलेलं आणि साधं होतं. खऱ्या शरीराच्या स्कॅनला जास्त मोजमापं लागतात.

फायदा कुणाला? एमआरआय मशीन मोजमापं एकामागून एक घेते, आणि तेवढा वेळ पेशंटला स्थिर राहावं लागतं, कधी श्वासही रोखावा लागतो. लहान मूल असेल तर विचारूच नका. मोजमापं कमी झाली की वेळ वाचतो. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने हे तंत्र वापरणाऱ्या एमआरआय प्रणालींना मंजुरी दिली.

माहिती कुठून आली? थोडी मोजमापांतून, थोडी "चित्र साधं आहे" या गृहीतकातून. गृहीतक बरोबर असेल तरच चित्र बरोबर.

खोडद ते कृष्णविवर: भोकं असलेली दुर्बीण

एमआरआयसारखंच गणित रेडिओ दुर्बिणींनाही लागतं. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद इथे जीएमआरटी दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरल्या आहेत. त्या एकत्र एखाद्या प्रचंड दुर्बिणीसारखं काम करतात, पण त्या दुर्बिणीचा बहुतेक भाग रिकामाच आहे. डिशच्या ४३५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडी आकाशाच्या चित्राचा एक तुकडा मोजते. पृथ्वी फिरते तशा जोड्यांच्या दिशा बदलतात आणि आणखी तुकडे मिळतात. तरी राहिलेल्या जागा गणिताने भराव्या लागतात. त्यासाठीची क्लीन नावाची पद्धत यान हॉगबॉम यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केली. ती आजही वापरात आहे.

१० एप्रिल २०१९ ला जाहीर झालेलं एम८७ आकाशगंगेतल्या कृष्णविवराचं चित्रही असंच बनलं. जगभरातल्या आठ दुर्बिणींच्या जाळ्याने एप्रिल २०१७ मध्ये निरीक्षणं घेतली होती. मोजमापं इतकी तुटपुंजी, की कुणीही विचारेल, गोल कडं खरंच दिसलं की सॉफ्टवेअरने काढलं? म्हणून संशोधकांनी चार गट केले आणि एकमेकांशी न बोलता चित्र बनवायला सांगितलं. चौघांनाही कडंच मिळालं. शिवाय मधे भोक नसलेल्या तबकडीसारख्या बनावट डेटावरही पद्धत तपासली. तिथे सॉफ्टवेअरने उगाच कडं काढलं नाही. अंदाज भरायचाच असेल तर तो असा तपासावा लागतो.

एआय एन्हान्स: इथे धोका सुरू होतो

फोटो एचडी करणारी बहुतेक ॲप अशी कुठलीही तपासणी करत नाहीत. १६ बाय १६ पिक्सेलच्या पुसट चेहऱ्यात फक्त २५६ ठिपके असतात. लहान केल्यावर हुबेहूब तेच ठिपके देतील असे असंख्य चेहरे असू शकतात. एआय त्यातला एक निवडतं, आणि तो त्याने आधी पाहिलेल्या फोटोंसारखा असतो. २०२० मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या पल्स या प्रणालीला लोकांनी बराक ओबामांचा पिक्सेलेट केलेला फोटो दिला. बाहेर आला एका गोऱ्या माणसाचा चेहरा. फोटो स्पष्ट होता, माणूस दुसराच होता.

कागदपत्रांतही हे घडू शकतं. २०१३ मध्ये जर्मनीच्या डेव्हिड क्रिझेल यांनी दाखवून दिलं, की झेरॉक्स कंपनीची काही स्कॅनर मशीन आकडेच बदलत होती. घराच्या नकाशावर २१.११ चौरस मीटरची खोली स्कॅनमध्ये १४.१३ ची झाली होती. जागा वाचवायला मशीन सारखे दिसणारे तुकडे एकच समजून एकाच्या जागी दुसरा छापत होती. अक्षरं मात्र एकदम कोरीव! सातबारा किंवा मार्कशीट स्कॅन केली की आकडे मूळ कागदाशी ताडून बघा, असं मी सांगतो ते यासाठीच.

आता विचार करा. सोसायटीत चोरी झाली, कुणीतरी सीसीटीव्हीतला चेहरा ॲपमध्ये टाकला आणि "हाच तो चोर" म्हणून ग्रुपवर फिरवला. त्या चेहऱ्याशी मिळताजुळता एखादा निर्दोष मुलगा शेजारच्याच गल्लीत राहत असेल. असा फोटो पुढे पाठवू नका. पोलिसांना मूळ व्हिडिओ द्या, तोही डॉक्युमेंट म्हणून, कारण व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की तो दाबला जातो आणि उरलीसुरली माहिती जाते. मूळ व्हिडिओत गाडी अनेक फ्रेममध्ये किंचित सरकलेली असेल, तर त्या फ्रेम जोडून नंबर थोडा स्पष्ट होऊ शकतो. ती माहिती खरी असते.

उलटा धडा: ब्लर केलेलं लपतंच असं नाही

आधार नंबर मोझेक करून शेअर करताय? प्रत्येक जागी ० ते ९ असे दहाच पर्याय असतात. फॉन्ट माहीत असेल, तर प्रत्येक आकडा मोझेक करून कुठला जुळतो हे संगणक पटकन पाहू शकतो. चेहरा परत मिळत नाही, पण नंबर मिळू शकतो, कारण पर्याय मोजकेच आहेत. मार्कर पेनची अर्धपारदर्शक रेघ तर ब्राइटनेस वाढवूनही उघडी पडते. म्हणून पूर्ण काळा चौकोन लावा आणि त्याचा स्क्रीनशॉट पाठवा. पीडीएफमध्ये चौकोनाखाली मूळ मजकूर तसाच राहिलेला असू शकतो.

पटकन पाहण्यासाठी

- नाइट मोड: अनेक फ्रेमची खरी माहिती. भरवसा चांगला, हलणाऱ्या वस्तूंवर कमी.
- क्यूआर कोड: आधीच पेरलेली जादा माहिती. मर्यादेत अचूक, मर्यादेबाहेर सहसा नकार.
- वेगवान एमआरआय, रेडिओ दुर्बीण: मोजमाप अधिक गृहीतक. तपासणी झाली असेल तर विश्वासार्ह.
- एकाच पुसट फोटोवरून एआयने बनवलेला चेहरा किंवा नंबर: मुख्यतः अंदाज. आजी-आजोबांचा जुना फोटो फ्रेम करून लावायला छान, कुणाची ओळख पटवायला अजिबात नाही.
- एन्हान्स करण्याआधी मूळ फाइलची कॉपी नेहमी वेगळी ठेवा.