अस्थी बुद्धाच्या, वारस कोण?

बँकॉकच्या जुन्या शहराला वळसा घालणाऱ्या कालव्याला जेथे महानाक कालवा मिळतो, तेथे वाट सकेत हा विहार आहे. ('वाट' म्हणजे थाई भाषेत विहार, आपल्या वाटेशी त्याचा संबंध नाही.) विहाराच्या आवारात माणसांनी रचलेली एक टेकडी आहे आणि तिच्या माथ्यावर सोनेरी चैत्य. लोक तिला सुवर्णगिरी म्हणतात. पर्यटक 344 पायऱ्या चढतात, घंटा वाजवतात, शहर पाहतात आणि उतरतात. मी गेलो तो वेगळ्या कारणाने. या चैत्यातल्या बुद्धाच्या अस्थी भारतातून आलेल्या आहेत, आणि त्या येथे का आल्या हा प्रश्न आपल्या समाजाशी निगडित आहे.

बोटीतून उतरून कालव्याच्या काठाने चालत गेलो. पाणी काळे, वास उग्र. बोट वेगात आली की प्रवासी दोरी ओढून निळी ताडपत्री वर घेतात, नाहीतर ते पाणी अंगावर येते. हे कालवे पहिल्या रामाच्या काळातले. शहराभोवतालचा कालवा 1783 च्या सुमारास कंबोडियातून आणलेल्या दहा हजार खमेरांनी खणला असे बखरीत म्हटले आहे. तटाच्या पायासाठी लाओ माणसे आणली होती. सयामात आपल्यासारखी जन्मजात अस्पृश्यता नव्हती, पण वेठ होती, गुलामी होती. कोण कोणत्या धन्याचा, कोणत्या गावचा, हे प्रजेच्या मनगटावर गोंदलेले असे. बौद्ध देश म्हटले की समतेचा देश, असे समजून जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे गोंदण विसरू नये.

टेकडीच्या पायथ्याशी गिधाडांचे पुतळे आहेत. तटाच्या आत प्रेत जाळायची मनाई होती. प्रेते एका ठरावीक वेशीतून बाहेर काढीत, तिला भुतांची वेस म्हणत. ती वाट सकेतकडे उघडे. 1820 च्या महामारीत सुमारे 30,000 माणसे दगावली असे सांगतात. जाळायला लाकूड आणि हात पुरेनात, तेव्हा प्रेतांचे ढीग गिधाडांवर सोडले. शहराच्या इतिहासात राजांची नावे ओळीने आहेत, ती प्रेते वाहणाऱ्यांची नाहीत. आपल्याकडे हे काम कोणाच्या वाट्याला आले ते वाचकांना सांगायला नको.

म्हणजे शहराबाहेरची, मसणवट्याची ही जागा. तिसऱ्या रामाने येथे मोठा चैत्य बांधायला घेतला, पण मऊ जमिनीने तो पेलला नाही, कोसळला. त्या ढिगाचीच पुढे टेकडी केली आणि पाचव्या रामाच्या, म्हणजे चुलालोंगकोर्नच्या कारकिर्दीत काम पुरे झाले.

आता अस्थींकडे येतो. जानेवारी 1898 मध्ये बस्ती जिल्ह्यातील पिप्रहवा येथे विल्यम पेप्पे या इंग्रज जमीनदाराने आपल्या इस्टेटीतला स्तूप खोदला. आत दगडी पेटी, तीत कलश, अस्थी आणि रत्ने निघाली. एका कलशावरील ब्राह्मी लेखात बुद्धाचा आणि शाक्यांचा उल्लेख आहे. सरकारने अस्थी सयामच्या राजाला द्यायचे ठरवले, कारण स्वतंत्र राहिलेला बौद्ध राजा तोच. 1899 मध्ये त्या सयामला गेल्या. काही भाग सिंहल, ब्रह्मदेश आणि जपानच्या बौद्धांना मिळाला, उरलेला या टेकडीवर ठेवला गेला. (त्या वर्षीही सयामात गुलामगिरी पुरती संपलेली नव्हती. ती याच राजाने 1905 मध्ये कायद्याने संपवली, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे.) बोधगयेचा महाविहार मात्र शैव महंताकडेच राहिला. अस्थी देता आल्या, विहार देता आला नाही.

या साऱ्या व्यवहारात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली दिसते: भारतात बौद्ध उरलेले नाहीत, म्हणून वारस बाहेर शोधायचा. आणि त्याच 1898 साली मद्रासचे पंडित अयोतीदास हे परैयर समाजातले वैद्य कोलंबोला जाऊन पंचशील घेऊन आले. आम्ही मुळातले बौद्ध आहोत, बौद्ध होतो म्हणूनच आम्हाला गावाबाहेर टाकले, असे ते सांगत होते. मद्रासला त्यांनी संस्था काढली, तिचे नाव शाक्य बौद्ध संघ. कलशावर शाक्य, संस्थेच्या पाटीवरही शाक्य! एकाची दखल सरकारने घेतली, दुसऱ्याला विचारायचे कोणाच्या मनातही आले नसावे. अस्पृश्य हे ब्राह्मणी धर्माला न नमलेले बौद्ध, हा सिद्धान्त बाबासाहेबांनी 1948 साली ग्रंथरूपाने मांडला. त्याच्या पन्नास वर्षे आधी वारस पुढे येऊन उभा होता. पेप्पेंच्या घराण्याकडे राहिलेली रत्ने 2025 मध्ये हाँगकाँगमध्ये लिलावाला निघाली, भारत सरकारने हरकत घेतली, आणि ती जुलैमध्ये परत आली. तेव्हा वृत्तपत्रांतून राष्ट्राच्या वारशाविषयी पुष्कळ छापून आले. अयोतीदासांचे नाव माझ्या तरी वाचनात आले नाही.

उतरून जवळच्या बान बात वस्तीत गेलो. भिक्खूंची भिक्षापात्रे हाताने घडवणारी ही वस्ती. आठ लोखंडी पट्ट्या ठोकून, तांब्याने सांधून एक पात्र होते. कारखान्यातली पात्रे स्वस्त आल्यापासून मोजकी घरे हा धंदा करतात. एका अंगणात एक आजी ठोके घालीत बसल्या होत्या. त्यांच्या नातवाला इंग्रजी येत होते. मी भारतातून आलो म्हटल्यावर आजींनी विचारले, "तिकडे आता सगळे हिंदूच ना?" मी 14 ऑक्टोबर 1956 सांगितला, नागपूर सांगितले, लाखोंचा आकडा सांगितला. नातवाने तो दोनदा विचारून घेतला. आजी हातोडी थांबवून ऐकत होत्या. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, "एवढे लोक आहात, तर तुमच्या भिक्खूंची पात्रे तिकडे कोण घडवते?"

आमच्या विहारातल्या भन्तेंचे पात्र थायलंडहूनच आलेले आहे, हे मी त्यांना सांगितले.