भूक, भूख आणि कुपोषण

'दखनी म्हणजे बिघडलेली उर्दू' हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. पुरावा ठरलेला: ही माणसं भूखला भूक म्हणतात, हाथला हात. आमच्या घरी भूकच लागते. शेजारच्या मराठी घरातही भूकच लागते, पण त्याला कुणी बिघाड म्हणत नाही.

या शब्दाचा प्रवास बघा. संस्कृत धातू 'भुज्', म्हणजे खाणं. खायची इच्छा सांगताना धातूचा पहिला भाग दोनदा उच्चारायचा, म्हणजे 'भुभुक्षा' व्हायला हवं. पण दोन भ लागोपाठ जड जातात, म्हणून पहिल्यातला हकार गळला आणि 'बुभुक्षा' झालं. प्राकृतात त्याचं 'भुक्खा' झालं. पुन्हा दोन महाप्राण. हिंदी-उर्दूने दोन्ही राखले, मराठीने आणि दखनीने दुसरा सोडला. भीक, हत्ती यांचंही तसंच. याला विषमीभवन म्हणतात. लाङ्गलाचा नांगर झाला तोही असाच. आणि पोर्तुगिजांकडून आलेल्या लिलावात मराठीने दोन्ही ल ठेवले, उर्दूने एकाचा न करून नीलाम केला. आता कुणी कुणाला बिघडलेलं म्हणायचं?

जव्हार-मोखाड्यात मात्र हाच शब्द जिभेमुळे नव्हे, कागदामुळे बदलला. जव्हारच्या मुकणे घराण्याला दिल्लीच्या सुलतानाने १३४३ मध्ये 'निमशाह' किताब दिल्याचं सांगतात. तो फारसी शब्द इथल्या तोंडात 'नेमशहा' होऊन मुरला. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभराहून अधिक बालकं दगावली, तेव्हापासून या डोंगराची ओळख 'कुपोषण' या शब्दाने होते. अंगणवाडीत त्याचेही तुकडे झाले: सॅम आणि मॅम. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की मूल सॅम.

मोजमाप हवंच, त्याने मुलं वाचतात. पण भूक म्हटली की मजुरी, रेशन, जमीन विचारावी लागते. कुपोषण म्हटलं की वजनकाटा आणला तरी भागतं. घरातली नागली-वरई वर्षभर पुरत नाही. दिवाळीनंतर कुटुंबं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात, मुलं काखेत घेऊन. गावच्या अंगणवाडीच्या वहीत त्यांची नावं राहतात, वजनाचा रकाना रिकामा.